सात अंक कानाचे, पाच अंक हातांचे?

खडूफळा | २ ऑगस्ट, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. माझ्या तिसरीच्या वर्गात जन्मापासून कर्णबधिर असलेला एक मुलगा आहे. घरात दुसरे कोणीही कर्णबधिर नाही. आई, आजी आणि तो यांच्यात पंचवीस-तीस घरगुती खुणा ठरलेल्या आहेत आणि उरलेला व्यवहार बोट दाखवण्यावर व चेहऱ्यावरच्या भावांवर चालतो.

मागच्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी एक तपासणी शिबिर झाले. तेथे एका गृहस्थांनी मुलाला समोर बसवून तोंडाने अंक म्हटले आणि ते त्याच क्रमाने बोटांनी परत दाखवायला सांगितले. दोन अंक जमले, तीन जमले, चौथ्याला तो अडला. कागदावर शेरा आला, ‘अल्पकालीन स्मृती कमकुवत’. आईने तो कागद घडी करून कुंकवाच्या डबीखाली ठेवला आहे आणि गावात कोणी विचारले की, ‘माह्या पोराच्या ध्यानातच राहत नाही म्हन्तात’ असे सांगते.

मला हे पटत नाही, कारण याच मुलाने मागच्या तान्ह्या पोळ्याला शाळेच्या ओट्यावर एकोणीस जोड्या खडे मांडून, आदल्या दिवशी तोरणाखाली कोणाची बैलजोडी कोणाच्या शेजारी उभी होती, हे मला दाखवले होते. मी पोलीस पाटलांना विचारून खात्री करून घेतली. त्यात एकच जोडी इकडची तिकडे झाली होती.

माझा प्रश्न असा की, कर्णबधिर माणसाची तात्पुरती आठवण ऐकणाऱ्यापेक्षा खरोखरच कमी असते का? आणि असल्यास ती कशामुळे?

सावजी_रस्सा | २ ऑगस्ट, रात्री ९.०५

सर, आमच्या भागातल्या कापूस व्यापाऱ्यांचीही एकदा तपासणी करून घ्यावी असे मी सुचवतो. काट्यावरची कट्टी, म्हणजे वजनातली कपात, त्यांना दशांशापर्यंत आठवते, परंतु चुकाऱ्याची तारीख मात्र तिसऱ्या अंकालाच अडखळते.

निवृत्त_गणित | २ ऑगस्ट, रात्री ९.३०

खडूफळा सर, तुमचा प्रश्न वाचून मला माझ्या नोकरीतला एक जुना अनुभव आठवला. वरुडला असताना मी मुलांकडून असाच खेळ करून घेत असे. मी अंक म्हणायचो आणि मुलांनी ते परत म्हणायचे. पाच-सहा अंकांपर्यंत बहुतेक मुले जात, काही सातापर्यंत जात. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हाच ‘सात, अधिक-उणे दोन’ असा आकडा मांडला होता आणि तो पुढे पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला.

मात्र हा आकडा दगडावरची रेघ नव्हे, हेही लवकरच कळले. १९८० साली वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसांची तुलना झाली. वेल्शमधले अंक उच्चारायला अधिक वेळ घेतात आणि त्याच माणसांना वेल्शमध्ये अंक कमी लक्षात राहतात, असे त्यात दिसले. तिकडे चिनी भाषेतले अंक झटपट उच्चारता येतात, म्हणून ती बोलणाऱ्यांची मजल पुढे जाते. आपल्याकडे एक, दोन, तीन, चार हे तसे आटोपशीर शब्द आहेत, परंतु कोणी भ्रमणध्वनीचा क्रमांक ‘अठ्ठ्याण्णव, एकोणऐंशी, त्रेसष्ट’ असा जोड्यांनी सांगू लागला, की लिहून घेणाऱ्याची धांदल पाहावी. म्हणून माझे मत असे आहे की, ‘किती अंक’ हा प्रश्न ‘कोणत्या भाषेतले अंक’ हे विचारल्याशिवाय अर्धाच राहतो.

श्रवणवेध | २ ऑगस्ट, रात्री १०.५०

मी नागपूरला वाचा आणि श्रवण या विषयात काम करते. निवृत्त_गणित काकांनी योग्य धागा पकडला आहे, तो थोडा पुढे नेते.

आपण एखादा क्रमांक ऐकतो आणि लिहायला पेन शोधेपर्यंत तो मनातल्या मनात पुटपुटत राहतो. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम चालू असताना गोष्टी मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तिच्यात या पुटपुटण्याला स्वतंत्र स्थान होते. पुढे त्याला ध्वनिचक्र म्हटले जाऊ लागले. साधारण दोन सेकंदांत जेवढे उच्चारता येईल, तेवढे या चक्रात टिकते. विहिरीवरचा मोट ओढणारा बैल जसा पुन्हा पुन्हा त्याच धावेवरून मागे-पुढे येतो, तसे हे शब्द फिरत राहतात आणि फिरणे थांबले की पाणी आटते. लांब शब्द असतील तर कमी मावतात. सारख्या आवाजाचे शब्द असतील तर एकमेकांत मिसळतात. घरी करून पाहा. ‘पाट, ताट, खाट, माठ, घाट’ ही यादी एकदा ऐकवून क्रमाने परत विचारा आणि मग ‘विळा, गाय, दोर, कणीस, पूल’ ही यादी विचारा; पहिलीत गडबड अधिक होते.

आता कर्णबधिरांकडे येते. अमेरिकी सांकेतिक भाषेवर १९७५ साली उर्सुला बेलुगी, एडवर्ड क्लिमा आणि पॅट्रिशिया सिपल यांनी एक अभ्यास केला. खुणांची यादी दाखवून ती परत विचारल्यावर कर्णबधिर माणसांनी ज्या चुका केल्या, त्या आवाजाच्या साम्याच्या नव्हत्या. हाताचा आकार तोच पण जागा वेगळी, किंवा जागा तीच पण हालचाल वेगळी, अशा दोन खुणांची अदलाबदल झालेली होती. म्हणजे त्यांनी शब्द इंग्रजीत भाषांतर करून साठवला नव्हता, तर हातांच्या रूपातच धरून ठेवला होता. पुढे १९९७ आणि १९९८ मध्ये मार्गारेट विल्सन व कॅरन एमोरी यांनी दाखवले की, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या खुणा कमी आठवतात, करायला वेळ घेणाऱ्या खुणा कमी आठवतात आणि लक्षात ठेवत असताना हातांना दुसरीच निरर्थक हालचाल करायला लावली तर आठवण घसरते. ध्वनिचक्राची जी लक्षणे कानाकडे आहेत, तीच हातांकडेही आहेत.

तुमच्या बैलजोड्यांबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते, सर. रात्र उलटून गेलेली आठवण ही अल्पकालीन स्मृती नव्हे. मुलाचे निरीक्षण फार चांगले आहे, हे त्यातून नक्की दिसते. परंतु शिबिरातला शेरा खोडायला तो पुरावा चालणार नाही.

वेचणीची_पोर | ३ ऑगस्ट, सकाळी ६.१५

श्रवणवेध ताई, तुमचे ‘हातांना दुसरी हालचाल’ हे वाक्य वाचून मी चहा ठेवायचे विसरले.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले. माझा मोठा भाऊ कर्णबधिर आहे आणि लहानपणी अमरावतीला वसतिगृहात राहून खुणांची भाषा शिकून आलेला आहे. आई त्याला दुकानातून आणायच्या वस्तू सांगत असे तेव्हा तो त्या एकदा हाताने करून दाखवी आणि मग सदऱ्याच्या खिशात उजवा हात घालून निघे. खिशातला हात सारखा हलत असे. मला वाटायचे की याला खाज सुटते. एकदा आई वस्तू सांगत होती तेव्हा तो कडबा कुट्टीच्या यंत्राचे चाक फिरवत होता. त्याने मान डोलावली, काम संपवले आणि दुकानातून फक्त हळद घेऊन आला. बाबा त्याच्यावर रागावले. आज मला वाटते की, खिशातला हात हेच त्याचे पुटपुटणे होते आणि त्या दिवशी आपणच त्याचे तोंड बांधले होते.

बोरू | ३ ऑगस्ट, सकाळी १०.२०

सर्वांचा आदर ठेवून विचारतो. श्रवणवेध यांनी कर्णबधिरांची स्मृती ‘कशी’ चालते ते सांगितले, परंतु ‘किती’ चालते ते सांगितले नाही. माझ्या वाचनात असे आले आहे की सांकेतिक भाषा वापरणाऱ्यांना क्रमाने चार-पाच गोष्टी आठवतात आणि बोलणाऱ्यांना सात. पाच म्हणजे पाच. मग शिबिरातल्या माणसाने कमकुवत असे लिहिले, तर त्याने काय चूक केली? भावनेच्या भरात आपण मोजमापालाच दोष देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

श्रवणवेध | ३ ऑगस्ट, दुपारी १.४०

बोरू, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही वाचलेला आकडा खरा आहे. तो २००४ सालच्या बूटला, सुपाला, न्यूपोर्ट आणि बॅव्हेलियर यांच्या अभ्यासातला आहे. परंतु त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या सांगणारे बहुतेक वेळा गाळतात.

एक म्हणजे, त्यांनी कर्णबधिर आईवडिलांच्या पोटी जन्मलेली, कान शाबूत असलेली आणि इंग्रजी व सांकेतिक भाषा दोन्ही लहानपणापासून येणारी माणसेही तपासली. त्याच माणसाची मजल इंग्रजीत मोठी निघाली आणि खुणांत लहान. मेंदू एकच, माणूस एकच आणि दिवसही एकच. तर मग कमकुवत कोणाला म्हणायचे?

दुसरे असे की, जेव्हा काम बदलले, म्हणजे प्रत्येक शब्द घेऊन एक वाक्य तयार करायचे आणि शेवटी शब्द आठवायचे, तेव्हा दोन्ही गट बरोबरीचे निघाले. २००८ मध्ये याच गटाने क्रमाची अट काढून टाकली आणि ‘आठवेल तसे सांगा’ असे म्हटले, तेव्हाही फरक उरला नाही. म्हणजे फरक साठवणीच्या आकाराचा नाही, क्रम धरून ठेवण्याच्या रीतीचा आहे. कान हे इंद्रिय काळाच्या ओळीत चालते. एकामागून एक येणारे आवाज कानात थोडा वेळ गुंजत राहतात आणि त्यांचा क्रम फुकटात मिळतो. डोळा पसरट असतो. तो एकाच वेळी पुष्कळ जागा धरतो, पण ‘आधी कोण, नंतर कोण’ याची तेवढी सोय त्याच्याकडे नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, याबाबत वाद झाला. विल्सन आणि एमोरी यांनी २००६ साली आक्षेप घेतला की, ऐकणाऱ्यांना अंक दिले आणि कर्णबधिरांना अक्षरे दिली, ही तुलना सरळ नाही, कारण बोललेले अंक आठवायला मुळातच सोपे जातात. त्यांनी दोघांनाही अक्षरे दिली तेव्हा फरक दिसला नाही. त्याच वर्षी पहिल्या गटाने उत्तर दिले की, अक्षरेच घेतली आणि दाखवण्याचा वेग सारखा ठेवला तरी फरक राहतोच. माझा कल या उत्तराकडे आहे, म्हणजे थोडा फरक आहे, परंतु तो क्रमाने म्हणण्यापुरता आहे, असे मी मानते.

बोरू | ३ ऑगस्ट, दुपारी २.०५

एकाच माणसाची मजल दोन भाषांत वेगवेगळी निघाली, हा मुद्दा मला माहीत नव्हता. त्यापुढे माझे म्हणणे टिकत नाही, हे मान्य करतो. तरीही कर्णबधिरांना अंकांऐवजी अक्षरे का दिली, हे मला समजले नाही.

श्रवणवेध | ३ ऑगस्ट, दुपारी २.३०

कारण अमेरिकी सांकेतिक भाषेत एक ते नऊ हे अंक एकाच हाताने, एकाच जागी आणि फक्त बोटांच्या फरकाने दाखवतात. ते म्हणजे हातांची ‘पाट, ताट, खाट, माठ’ झाली. ती यादी देऊन कोणाची मजल मोजणे अन्यायाचे ठरले असते.

सावजी_रस्सा | ३ ऑगस्ट, दुपारी ३.१०

मी पाट-ताटाचा प्रयोग दुकानात बसलेल्या चार गिऱ्हाइकांवर करून पाहिला. दोघांनी माठाच्या जागी मठ्ठा सांगितला आणि एकाने विचारले की जेवण कुठे आहे.

शांत_वैनगंगा | ३ ऑगस्ट, रात्री ११.२०

मी स्वतः कर्णबधिर आहे आणि भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात शिवणकाम करतो. मराठी माझी दुसरी भाषा आहे, त्यामुळे लिहिताना वेळ लागतो. कोठे चूक झाल्यास सांभाळून घ्यावे.

मी ज्या शाळेत शिकलो तेथे हात हलवायला बंदी होती. बाई ओठ हलवत आणि आम्ही ओठ वाचत असू. ओठांवर ‘पाट’, ‘बाट’ आणि ‘माठ’ हे जवळजवळ एकच दिसतात, ही गोष्ट ऐकणाऱ्या माणसाला कधी जाणवत नाही. खडूफळा सरांच्या विद्यार्थ्याला तोंडाने अंक सांगितले गेले, हे वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले. त्याला अंक आठवले नाहीत की दिसलेच नाहीत, हे कोणी विचारले का? खरी भाषा मला वसतिगृहातल्या मोठ्या मुलांनी दिली, रात्री खिडकीजवळ, चांदण्यात.

आता माझ्या स्मृतीबद्दल लिहितो. गिऱ्हाइकाचे माप मी वहीत एकेक करून लिहीत नाही. टेप लावून छाती, कंबर, खांदा, बाही, मान, उंची अशी सगळी मापे घेतो आणि मग वहीकडे जातो. प्रत्येक आकडा मी त्या माणसाच्या अंगावर ठेवलेला असतो. खांद्याकडे मनात पाहिले की खांद्यावर साडेसतरा दिसतात. उलट क्रमाने विचारले तरी मला तेवढेच सोपे जाते, कारण मी ओळ म्हणत नाही, जागा पाहतो. माझा ऐकू येणारा पुतण्या शिवणकाम शिकतो आहे. तो मापे पुटपुटत वहीकडे धावतो आणि वाटेत त्याला कोणी ‘काय रे, जेवला का?’ असे विचारले की परत येऊन टेप लावतो.

निवृत्त_गणित | ४ ऑगस्ट, सकाळी ७.००

शांत_वैनगंगा, तुमच्या मराठीत सांभाळून घेण्यासारखे काहीच नाही. उलट क्रमाची तुमची गोष्ट मला फार मोलाची वाटते. मी वरुडच्या मुलांना अंक उलटे म्हणायला लावत असे, तेव्हा सहावर जाणारी मुले चारावर येत. श्रवणवेध ताई, कर्णबधिरांत हे खरोखर वेगळे आढळते का?

श्रवणवेध | ४ ऑगस्ट, सकाळी ९.१५

होय. विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सांकेतिक भाषेतच वाढलेल्या कर्णबधिर मुलांची तपासणी केली होती. ऐकणाऱ्या मुलांची उलट क्रमाची मजल सरळ क्रमापेक्षा बरीच खाली आली, तर कर्णबधिर मुलांची दोन्हीकडे जवळपास सारखी राहिली. त्याच अभ्यासात मांडलेल्या ठोकळ्यांवर एका क्रमाने बोट ठेवून तो क्रम परत विचारला गेला आणि तेथे कर्णबधिर मुले ऐकणाऱ्यांच्या पुढे गेली. शांत_वैनगंगा यांनी अंगावर आकडे ठेवण्याची जी रीत सांगितली, ती वाचून मला त्या ठोकळ्यांची आठवण झाली.

वेचणीची_पोर ताईंच्या भावाच्या खिशातल्या हाताबद्दल मात्र थोडी सावधगिरी बाळगते. बोलणारा माणूस तोंड मिटूनही मनात पुटपुटू शकतो, तसेच खुणा करणारा हात न हलवताही मनात खुणा करू शकतो. म्हणून नुसते हात गुंतलेले होते एवढ्याने सगळे विसरेल असे नाही. पण कुट्टीचे चाक सारखे फिरत होते, आणि प्रयोगातही हातांना सारखी हालचालच करायला लावली होती. त्यामुळे ताईंचा तर्क चुकीचा म्हणवत नाही.

वेचणीची_पोर | ४ ऑगस्ट, दुपारी १२.३०

ताई, आणखी एक सांगते आणि मग थांबते. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बांधावर काटा टांगला जातो आणि बाया आपापली गाठोडी घेऊन रांगेत येतात. माझा भाऊ काट्यावर असतो. सात-आठ बाया झाल्या की तो एकदम वही मागतो आणि आकडे भरतो. प्रत्येक बाईचा आकडा तो तिने जिथे गाठोडे ठेवले त्या जागेकडे बोट करून सांगतो. एकदा दोघींनी गमतीने जागा बदलल्या. त्याने आकडे अदलून सांगितले, मग दोघींकडे पाहिले आणि असा काही चिडला की त्या संध्याकाळी त्याने कोणाचेही वजन घेतले नाही. बाबांना स्वतः काट्यावर उभे राहावे लागले आणि त्यांनी मात्र दर बाईला वही उघडली.

गोंडपिंपरीकर | ४ ऑगस्ट, रात्री ९.४५

मी चंद्रपूर जिल्ह्यात कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत अकरा वर्षे काम केले आहे. धागा फार चांगला चालला आहे, परंतु मला भीती वाटते की खडूफळा सरांचा विद्यार्थी त्यातून हळूहळू निसटतो आहे.

वर ज्यांचे अभ्यास सांगितले गेले, त्यांतली बहुतेक माणसे पाळण्यापासून सांकेतिक भाषा पाहत वाढलेली होती. आईवडील कर्णबधिर, घरात भाषा भरलेली. सरांच्या मुलाचे तसे नाही. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात आणि खेड्यात तर त्या मुलाला त्याच्यासारखे दुसरे माणूस कित्येक वर्षे भेटतच नाही. पंचवीस-तीस घरगुती खुणा म्हणजे भाषा नव्हे, ते भाषेचे बियाणे आहे. २०१५ साली इंग्लंडमध्ये क्लोई मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, सांकेतिक भाषेतच वाढलेली कर्णबधिर मुले शब्दांविना घेतलेल्या स्मृतीच्या कसोट्यांत ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने राहतात. भाषा उशिरा मिळालेली मुले मात्र मागे पडतात. म्हणजे कान नसल्याने स्मृती खालावत नाही, भाषा न मिळाल्याने खालावू शकते. शिबिरातल्या कसोटीची पद्धत चुकीची होती, हे मान्य. परंतु ‘कर्णबधिरांची स्मृती वेगळी असते, कमी नसते’ एवढे म्हणून आपण समाधान मानले, तर या मुलाची आणखी दोन वर्षे जातील.

दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने शब्दकोश केला आहे. २०१८ मध्ये त्यात तीन हजार शब्द होते आणि २०२१ पर्यंत ते दहा हजार झाले. त्याच्या चित्रफिती भ्रमणध्वनीवर पाहता येतात. सर, रोज पाच शब्द तुम्ही, त्याची आई आणि वर्गातली चार मुले मिळून शिका. एकट्या मुलाला शिकवू नका, कारण भाषेला समोर कोणीतरी लागते. एक लक्षात ठेवावे की भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिचा वाक्यक्रम तिचा आहे, प्रश्नाचा शब्द तिथे शेवटी येतो. आपण मराठी वाक्याला शब्दागणिक खूण जोडू लागलो की मुलगा गोंधळतो.

बोरू | ४ ऑगस्ट, रात्री १०.१०

हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. निवासी शाळेत पाठवणे हाच उपाय आहे असे आपल्याला म्हणायचे आहे का?

गोंडपिंपरीकर | ४ ऑगस्ट, रात्री १०.३५

नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला मी हे येथे बसून सांगणार नाही. माझ्या शाळेत पहिल्या आठवड्यात रात्रभर रडणारी मुले मी पाहिली आहेत आणि तीच मुले दिवाळीच्या सुट्टीत घरी जायला नकार देतानाही पाहिली आहेत, कारण घरी बोलायला कोणी नसते. आईने आधी एकदा शाळा येऊन पाहावी, मुलांना आपसांत भांडताना पाहावे. भांडण पाहिल्यावर बहुतेक आयांचे मत बदलते.

खडूफळा | ९ ऑगस्ट, सायंकाळी ७.२०

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधल्या दिवसांत मी काही करून पाहत होतो.

ओट्यावर खडूने नऊ चौकोन आखले आणि चिंचोका एकेका चौकोनावर टेकवत गेलो. वर्गातल्या ऐकणाऱ्या मुलांपैकी बहुतेक पाच चौकोनांनंतर चुकू लागली. हा मुलगा सहावर दोनदा बरोबर आला आणि सातावर एकदा. माझा हा खेळ म्हणजे कसोटी नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु मी त्याच्या आईला मुद्दाम बोलावून ओट्याच्या कडेला बसवले होते. तिने काही म्हटले नाही. तिने फक्त पदराने चौकोनावरची धूळ पुसली आणि मुलाला पुन्हा करायला सांगितले.

त्यानंतर गोंडपिंपरीकर सरांच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही शब्द शिकू लागलो. पण पाच शब्दांवर मुलांचे समाधान होईना, म्हणून वर्गाने आपल्याच काही खुणा तयार केल्या. काल मी त्याला शाळेच्या चहासाठी किराणा दुकानात पाठवले आणि चहापत्ती, साखर, आगपेटी, बिस्किटे, साबण अशा पाच वस्तू एका क्रमाने खुणांनी सांगितल्या. त्याने त्या एकदा हातांनी करून दाखवल्या आणि निघाला. वेचणीची_पोर ताई, मी पाहत होतो, खिसा नसल्याने त्याचा हात सदऱ्याच्या टोकाखाली हलत होता.

पाचही वस्तू आल्या, परंतु साखरेच्या जागी खडेमीठ आले. मी आधी निराश झालो आणि मग लक्षात आले की, आमच्या वर्गाने केलेल्या दोन्ही खुणांत बोटांची चिमूट सारखीच आहे, जागाही सारखीच, फक्त साखरेला चिमूट गोल फिरवायची आणि मिठाला वरून सोडायची, एवढाच फरक आहे. श्रवणवेध ताईंनी जी १९७५ सालची चूक सांगितली, तीच आमच्या ओट्यावर घडली होती.

श्रवणवेध | ९ ऑगस्ट, रात्री ८.००

सर, हे वाचून आजचा दिवस सार्थकी लागला. तो शब्द विसरला नाही, त्याचे माठाचे ताट झाले. ही चूक करणारा मुलगा खुणांतच लक्षात ठेवू लागला आहे. मूळ शेऱ्याविरुद्ध फेरतपासणीसाठी अर्ज करा आणि या वेळी अंक तोंडाने न म्हणता, खुणा जाणणाऱ्या माणसासमोर चाचणी घ्यावी, असे त्यात स्पष्ट लिहा.

शांत_वैनगंगा | ९ ऑगस्ट, रात्री ८.४५

साखर आणि मीठ यांच्या खुणा शब्दकोशात पाहून घ्या, सर. वर्गाने केलेल्या खुणा वाईट नाहीत, परंतु उद्या तो माझ्यासारख्या माणसाला भेटला तर आम्हाला एकमेकांचे कळले पाहिजे.

सावजी_रस्सा | ९ ऑगस्ट, रात्री ९.००

तो चहा कोणी प्यायला, हे सरांनी अजून सांगितलेले नाही.

खडूफळा | ९ ऑगस्ट, रात्री ९.२०

चहा मुख्याध्यापकांनी प्यायला, सावजीभाऊ, आणि एका घोटातच थांबले. शांत_वैनगंगा, तुमचे म्हणणे बरोबर आहे, शब्दकोश उद्याच उघडतो. फेरतपासणीचा अर्जही सोमवारी देतो. त्याची आई दिवाळीआधी गोंडपिंपरीकर सरांच्या बाजूची शाळा पाहायला यायला तयार झाली आहे. आजी मात्र अजून नाही म्हणते.

आज सकाळी मी मीठ-साखरेचा घोळ फळ्याजवळ दोन्ही खुणा करून त्याला दाखवला. तो थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिला. मग त्याने माझी चिमूट सोडवली, माझे बोट धरून स्वतःच्या गालाला लावले आणि वर्गाकडे वळून तीच खूण सगळ्यांकडून तीनदा करून घेतली.